राखणदार जागा आहे का?

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मली. तिच्यात चालू असणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला एक क्रमांक मिळतो. काही प्रक्रिया राखणदारी करतात. टपाल पोचवणारी प्रक्रिया बंद पडली, की तिला पुन्हा उठवायचे, असे त्यांचे काम. एका कामावर राखणदार मात्र एकच हवा. दोघांनी तेच काम सुरू केले आणि एकाच फाइलीत लिहिले, तर माहितीचा विचका होतो. म्हणून नव्याने आलेल्या राखणदाराला आधी पाहावे लागते, की कोणी जागा आहे का?

जुनी रीत चिठ्ठीची होती. राखणदार आपला क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवी. मागून येणारा तो वाचून त्या क्रमांकाला ‘शून्य’ संकेत पाठवी. पाठवणाऱ्या आज्ञेचे नाव ‘किल’, म्हणजे ठार मारणे! पण शून्य संकेताने कोणी मरत नाही; त्या क्रमांकाची प्रक्रिया आहे की नाही, एवढेच कळते.

खरी गोम इथेच आहे. वीज गेली, तर राखणदार संपतो, चिठ्ठी तशीच उरते. शिवाय क्रमांक पुन्हा वापरले जातात. सात नंबरचा मुलगा शाळा सोडून गेला आणि तो नंबर दुसऱ्याला दिला, तर हजेरीच्या वेळी ‘हजर’ असे ऐकू येणारच. तसेच इथे होते. भलत्याच प्रक्रियेला राखणदार समजून नवा राखणदार मुकाट्याने परत जातो आणि टपाल अडकून पडते.

१९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘फ्लॉक’ हे कुलूप आले. त्याची नोंद प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः ठेवतो. कुलूप धरणारी प्रक्रिया मेली, की ते आपोआप सुटते.

गणितज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांच्या ‘डेमनटूल्स’ या संचातील ‘सुपरवाइज’ हा राखणदार असेच कुलूप धरतो. त्याशिवाय तो एका नामधारी नळीचे वाचायचे टोक उघडे ठेवतो. ‘एसव्हीओके’ नावाचा चिमुकला कार्यक्रम ती नळी न थांबता लिहिण्यासाठी उघडून पाहतो. पलीकडे वाचणारा नसेल, तर कर्नल तत्काळ नकार देतो. राखणदार मेल्यावरही नळीचे नाव डिस्कवर उरतेच, पण त्याने फसगत होत नाही. कारण इथे नाव पाहिले जात नाही, पलीकडे कोणी आहे का ते पाहिले जाते.