ग्रीनस्टेडचे ओंडके

राजेरजवाड्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज आम्हांस एका खेड्यातील भिंतीची हकीकत सांगावयाची आहे.

लंडनच्या ईशान्येस, एसेक्स परगण्यात, ग्रीनस्टेड नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील सेंट अँड्र्यूचे चर्च हे इंग्लंडातील सर्वांत जुने लाकडी चर्च समजले जाते. ओकचे बुंधे उभे चिरून, सपाट बाजू आत व गोल बाजू बाहेर ठेवून, ते शेजारी शेजारी उभे केलेले आहेत. दोन ओंडक्यांच्या कडांना खाच पाडून मध्ये लाकडी पट्टी बसविली आहे, म्हणजे फटीतून वारापाऊस आत येऊ नये. सुताराची ही युक्ती नऊशे वर्षे टिकली आहे.

हे ओंडके नेमके किती जुने? डेन लोकांनी ८६९ मध्ये मारलेल्या एडमंड राजाचा देह १०१३ मध्ये लंडनहून बरीकडे नेताना येथे विसावला, अशी परंपरा आहे. १९६० मध्ये लाकडातील वर्तुळे मोजून तज्ज्ञांनी ८४५ च्या सुमाराचा काळ सांगितला. परंपरेस पुरावा मिळाला म्हणून आनंद झाला. परंतु १९९० नंतरच्या दशकात पुन्हा मोजणी झाली, आणि ही झाडे १०६३ नंतर तोडलेली ठरली! म्हणजे राजाचा देह आला असेल, तर तो या भिंतींच्या आत नव्हे. तथापि १९६० च्याच उत्खननात आजच्या गाभाऱ्याखाली त्याहून जुन्या दोन लाकडी बांधकामांच्या खुणा सापडल्या होत्या. तेव्हा भिंत तरुण ठरली, तरी जागेचे वय कमी झाले नाही.

पुढे १५०० च्या सुमारास विटांचा नवा गाभारा झाला. १८४८ मध्ये जीर्णोद्धार निघाला, तेव्हा ओंडक्यांचे बुडखे कुजलेले आढळले. ते कापून ओंडके विटांच्या जोत्यावर उभे केले. जुने काही गेले हे खरे. पण बुडखे तसेच ठेवले असते, तर भिंतच राहिली नसती. जीर्णोद्धार करणाऱ्यास नेहमी हाच हिशेब करावा लागतो.

आणखी एक प्रसंग. संघटना बांधताना शपथ घेतली, एवढ्यावरून टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना १८३४ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकमताच्या रेट्यामुळे १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. परतल्यावर त्यांपैकी काहीजण या भागात शेती करू लागले, आणि त्यांच्यातील जेम्स ब्राइन याचा विवाह १८३९ मध्ये याच चर्चमध्ये झाला.

राजाची कथा डळमळली. मजुराच्या विवाहाची नोंद मात्र पक्की आहे. गावच्या जुन्या वास्तूला हात लावण्यापूर्वी आपण एवढे केले, तरी पुष्कळ झाले: काय काढले, काय ठेवले आणि का, हे लिहून ठेवावे.