चोवीस इंची सायकल आणि दहा वर्षांचा नातू

आजचा भाग कुंभकोणमहून. माझ्या मुलीचं सासर इथलं. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात या मुलखात आलेल्या मराठी घरांपैकी एक. घरात अजून मराठी बोलतात, फक्त आपल्या कानाला ती लागायला दोन दिवस जातात. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली याच गावच्या मराठी घराण्यात जन्मले. पण आज विषय दिवाणांचा नाही, सायकलचा आहे.

व्याह्यांच्या मागच्या पडवीत त्यांच्या वडिलांची काळी चोवीस इंची सायकल उभी आहे. पुढचा बिल्ला पुसलेला, पण लोखंडी सळ्यांचे ब्रेक, चेनवरचं पूर्ण झाकण, डायनामो, सगळं जागच्या जागी. व्याही म्हणाले, "आता नातवानं चालवावी." मी लगेच हो म्हटलं. आम्ही अशाच सायकलींवर शिकलो, काय बिघडलं? मुलगी म्हणाली, "बाबा, आधी त्याला शेजारी उभा तर करा." केला. मधली दांडी पोराच्या बेंबीच्या वर आली.

आता जरा मागे जाऊ. दोन सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, ही घडण इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीनं १८८५ साली बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपनं हवेचा टायर केला तो स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीसाठी. म्हणजे टायर जन्मला पोरासाठी, पण आपल्याकडे जी सायकल आली ती थोरांची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं तेव्हा सायकल ही श्रीमंतांची चीज होती. पुढे ती पोस्टमनची, दूधवाल्याची, कारकुनाची झाली. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स सुरू झाली आणि या भागात सायकल घरोघर पोचली. ती घडवली होती मोठ्या माणसासाठी, मागच्या कॅरिअरवर ओझं धरून.

ती किती दणकट असते, हे फौजेतल्या माणसाला मलायाच्या लढाईतून कळतं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी उतरले आणि हजारो सैनिक सायकलींवरून दक्षिणेला निघाले. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवत राहिले. समोर आपल्या हिंदी पलटणीही होत्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हा किस्सा मी नातवाला रंगवून सांगितला, आणि सांगता सांगताच लक्षात आलं की त्या सायकलींवर बसलेले सगळे जवान होते, दहा वर्षांचं कुणी नव्हतं.

मग आम्ही कसे शिकलो? हाफ पेडल! दांडीखालून पाय घालायचा, एका हातानं हँडल, दुसरा हात सीटवर, अंग वाकडं. साताऱ्यात भाड्याची सायकल तासाला पंचवीस पैशांत मिळे. तमिळमध्ये या प्रकाराला 'कुरंगु पेडल' म्हणतात, म्हणजे माकड-पेडल. याच नावाचा एक चांगला तमिळ चित्रपट २०२४ साली येऊन गेला. जी आठवण आपण कौतुकानं सांगतो, ती खरं तर चुकीच्या मापाच्या यंत्राशी पोरानं केलेली झटापट होती. आणि रस्ते रिकामे होते. रात्री दिवा नसला, डबलसीट असलो तर पोलीस सायकलवाल्याला धरत, यावरून काय ते समजा.

आणखी एक कबुली. 'आम्ही शिकलो' यातल्या 'आम्ही'मध्ये माझी बहीण नाही. परकर दांडीत अडकतो, म्हणून तिला कुणी सायकल हातात दिली नाही. मीही नाही. ती आज सत्तरीत आहे.

इथून तंजावरच्या पलीकडे पुदुक्कोट्टै जिल्हा आहे. तिथे १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवण्यावर भर दिला. हजारो खेड्यातल्या बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांडीवाल्या घेतल्या. पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय की अनेकींना दांडीचीच सायकल बरी वाटली, कारण दांडीवर मूल बसवता येतं. माझ्या सगळ्या चर्चेत दांडीचा हा उपयोग मला सुचला नव्हता. तमिळनाडू सरकारनं २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींपासून फुकट सायकली द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच अकरावीच्या सगळ्या मुलामुलींना त्या मिळू लागल्या. अकरावीच्या! पंधरा-सोळा वर्षांच्या उंचीला मोठी सायकल बसते.

तरी मी हट्टानं एक चाचणी घेतली. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मी बादलीभर पाणी रिमवर ओतलं आणि स्वतः बसून गल्लीत ब्रेक दाबला. कोरडी असताना जिथे थांबत होती, त्याच्या बरीच पुढे एका स्कूटीजवळ जाऊन थांबली. ओल्या पोलादी रिमवर रबर घसरतं, इतकं साधं कारण. स्कूटीवाल्या बाई तमिळमध्ये जे बोलल्या त्याचं भाषांतर व्याह्यांनी केलं नाही.

नातवाला वीस इंची चाकांची सायकल घेतली, जुनीच, पण त्याच्या मापाची. काळ्या सायकलची चेन काढून रॉकेलमध्ये धुणं आणि डायनामोचा दिवा पेटवणं ही दोन कामं त्यानं स्वतःहून मागून घेतली आहेत. काल मुलीनं दांडीच्या उंचीची खूण पेन्सिलीनं पडवीच्या खांबावर केली. तो रोज सकाळी तिथे पाय लावून उभा राहतो. धाकटी, सहा वर्षांची, तीही त्याच्या मागे रांगेत उभी असते.