वडूज ते औंध, 1937

थंडीचे दिवस, साल 1937. वडूजच्या तालमीत तुम्ही वाकून शिरता तेव्हा बाहेर अजून तांबडं फुटायचंय. हौद्यातल्या लाल मातीला तेल-ताकाचा वास. भिंतीशी करेल नि मुद्गल टेकवलेले. मागच्या अंगणात मल्लखांब: बुडाशी मांडीएवढा, मानेशी मनगटाएवढा, वर बोंड.

"पाव्हणं, आधी त्याल घ्या," उस्ताद वाटी पुढं करतात. एरंडेल आहे. तुमच्या काळातला जिम्नॅस्ट हाताला मॅग्नेशियाची पांढरी पूड चोळतो, घामानं पकड सुटू नये म्हणून. इथं मांड्या, काखा, पोटऱ्या सगळ्याच लाकडावर घासणार, तेव्हा कातडं सोलवटू नये याची काळजी पहिली.

एक पोरगा धावत येऊन उडी घेतो, खांबाला मांड्यांची अढी घालतो आणि डोकं खाली करून हात मोकळे सोडतो. तुम्हाला ऑलिम्पिकचा आडवा बार आठवतो. 28 मिलिमीटर जाडीचं ते पोलाद वाकतं आणि खेळाडूला वर फेकतं. खांब कुणाला काही देत नाही. जी उसळी घ्यायची ती स्वतःच्या अंगातून.

पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला वळण दिलं, असं उस्ताद सांगतात. तुम्हाला दुसरं घराणं आठवतं. बर्लिनमध्ये यान नावाच्या गृहस्थानं 1811 साली हासेनहाइडच्या मैदानावर कसरतीची साधनं उभी केली. आजची जिम्नॅस्टिक्सची साधनं त्याच घराण्यातली. आणि तालमीत नुकती बातमी आलीय: त्याच बर्लिनमध्ये 1936च्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं मल्लखांब दाखवला. उस्तादांना याचं फारसं नवल नाही.

उन्हं वर आल्यावर तुम्ही बैलगाडीनं औंधला निघता. इंग्रजी मुलूख मागं पडतो, पंतप्रतिनिधींचं संस्थान लागतं. शाळेच्या पटांगणात पोरं रांगेनं सूर्यनमस्कार घालताहेत. खांब नाही, बार नाही. इथं नमस्कार सक्तीचे आहेत.

ही गरिबीतली तडजोड समजू नका. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1897 साली विलायतेतल्या पहिलवान युजीन सँडोची साधनं आणि पुस्तकं विकत घेतली, दहा वर्षं नेटानं व्यायाम केला, आणि मग मिरजेच्या राजेसाहेबांचं पाहून नमस्कार धरले. सत्तरीला टेकलेला हा राजा चित्रं काढतो, कीर्तन करतो. गेल्या साली लंडनला त्यानं लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंना नमस्कारांचे फायदे सांगितले. त्यांच्या संपादनाखाली राजाचं इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्षी, 1938 साली, निघायचं आहे. एवढं तुम्हाला माहीत आहे, पटांगणातल्या पोरांना नाही.

शाळेपुरतं राजाचं गणित पक्कं आहे. एका खांबावर एका वेळी एकच पोरगं चढतं, बाकीची पाळीची वाट बघत बसतात. नमस्काराला अंगाएवढी जागा मिळाली की शंभर पोरं एकदम घामाघूम. पण उलटं टांगल्यावर पोटात जो गोळा येतो, तो नमस्कारानं मोडत नाही. त्याला खांबच हवा, आणि खाली उस्ताद उभा हवा. वडूज-औंधच्या या आजच्या खटाव तालुक्यातल्या शाळांनी नमस्कार चालू ठेवावेतच. पटांगणाच्या कडेला एक मल्लखांबही रोवावा.