एका लेकरामागे अनेक हात

१८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तान्हं बाळ मारलं तर कायदा आईला शिक्षा देई. पण फसवणूक झालेल्या विधवेला त्याआधी हात देणारं कुणी नव्हतं. तो हात या दोघांनी दिला.

१९९६ साली मुंबईत मुलांसाठी १०९८ हा फोन सुरू झाला. पुण्यात ही सेवा ज्ञानदेवी संस्थेने चालवली. तरी अत्याचार सोसलेल्या लेकराला तीच गोष्ट पोलिसांना, डॉक्टरांना, कोर्टाला पुन्हा पुन्हा सांगावी लागे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पोक्सो कायदा लागू झाला आणि कामं वाटून दिली गेली. जबाब मुलाच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात घ्यायचा. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं. समिती लेकराच्या सोबतीला मदतनीस देते.

पण हे सगळे हात हलतात कधी? कुणीतरी कळवल्यावर. ‘घरातली गोष्ट’ म्हणून मोठ्यांनी गप्प बसणं हाही या कायद्याने गुन्हाच आहे. म्हणून बायांनो, १०९८ हा आकडा गटातल्या प्रत्येकीला पाठ हवा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.