प्लग घासण्यापासून प्लग निवडण्यापर्यंत

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण पेटवण्याचे काम स्पार्क प्लग करतो. १८६०मध्ये एत्येन लेन्वार या संशोधकाने आपल्या गॅस इंजिनात विजेच्या ठिणगीचा वापर केला. वेगाने फिरणाऱ्या मोटार इंजिनाला पुरेल अशी भरवशाची ठिणगी मात्र १९०२ साली मिळाली. त्या वर्षी स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. मधोमध विजेची दांडी, तिच्याभोवती चिनी मातीचे पांढरे आवरण, बाहेर आट्यांचे लोखंडी कवच आणि टोकाशी ठरावीक गॅप, ही रचना आजही कायम आहे.

भारतात स्पार्क प्लग घरोघरी पोचला तो ‘मायको’ या नावाने. बॉशच्या सहकार्याने १९५१मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिचे लघुरूप मायको. २००८पासून ही कंपनी बॉश लिमिटेड म्हणून ओळखली जाते. स्पेअरपार्टच्या दुकानात गिऱ्हाईक ‘डब्ल्यू १७५’ किंवा ‘डब्ल्यू २२५’ असा आकडा सांगून प्लग मागत असे. त्यातील डब्ल्यू हे अक्षर १४ मिलिमीटर आट्यांच्या, २१ नंबरच्या पान्याने खोलता येणाऱ्या प्लगचे. पुढचा आकडा उष्णता सोसण्याची ताकद दाखवी. आकडा जितका मोठा, तितका प्लग ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. पुढे बॉशने ही मोजणी उलटवली. जुना १७५ नव्या पद्धतीत ७ झाला आणि २२५चा ५ झाला. नव्या यादीत लहान आकडा थंड प्लगचा ठरला. जपानी एनजीके आणि डेन्सोच्या प्लगांवर मात्र मोठा आकडाच थंड प्लग दाखवतो. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या डबीवर शोधण्याची चूक त्यामुळे आजही होते.

महाराष्ट्रात प्लगची खरी ओळख करून दिली ती स्कूटरने. आकुर्डीचा बजाज चेतक आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया या दोन्ही टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे, त्याची काजळी प्लगवर बसे आणि किक मारून पाय दुखले तरी गाडी सुरू होत नसे. मग उजव्या बाजूचा पत्रा काढायचा, टूलकिटमधला प्लग पाना लावून टॉमीने प्लग सोडवायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. एक जादा प्लग डिकीत ठेवण्याची रीतच पडली होती. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीच्या चार प्लगांचीही सर्व्हिसिंगच्या वेळी अशीच साफसफाई होई. फिलर गेज नसेल तर गॅप नजरेनेच जुळवला जाई. इंजिनातला दाब कमी, इग्निशन साधे; थोडाफार फरक खपून जात होता.

प्लग घासण्याची ही रीत मोडायला दोन गोष्टी कारण झाल्या. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि प्लगवर शिशाचे थर बसणे थांबले. त्याच सुमारास मोटारींत कार्बुरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन रुळले, इंधनाचे माप नेमके झाले आणि काजळी घटली. प्लगच्या टोकाचा धातूही बदलला. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ आणि इरिडियम २,४४६ अंशांना. म्हणून निकेलची दांडी साधारण अडीच मिलिमीटर जाड ठेवावी लागते, तर इरिडियमचे टोक ०.४ मिलिमीटरपर्यंत बारीक करता येते. बारीक टोकावर ठिणगी कमी दाबाच्या विजेनेही उडते आणि टोक झिजते सावकाश.

प्लगची निवड आणखी नेमकी करावी लागली ती टर्बो इंजिनामुळे. लहान गाडीत टर्बो येण्यामागे कराचे गणित होते. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आणले. इंजिन १,२०० सीसीच्या आत ठेवून ताकद वाढवायची तर टर्बो हा सरळ मार्ग होता. २०१३मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली. २०१४मध्ये टाटाने झेस्टमध्ये १.२ लिटरचे रेव्होट्रॉन टर्बो इंजिन दिले, २०१७मध्ये रांजणगावची नेक्सॉन आली आणि २०१९मध्ये नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३००. लहान टर्बो गाडीच्या या इतिहासातली मोठी पाने अशी महाराष्ट्रातच लिहिली गेली.

टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा दाबून भरतो. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला विजेचा दाब जास्त लागतो. साध्या इंजिनात १ ते १.१ मिलिमीटरचा गॅप चालतो. टर्बोत तो बहुधा ०.७ ते ०.८ ठेवतात. गॅप वाढला की चढावर, नेमकी ताकद हवी तेव्हा, गाडी मिसिंग मारते आणि कॉइलवर ताण येतो. दुसरा प्रश्न उष्णतेचा. काजळी आपोआप जळून जाण्यासाठी प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांच्या वर तापावे लागते. साधारण ८५० अंशांच्या पुढे गेले तर मिश्रण ठिणगीआधीच पेटते. तो धक्का पिस्टन फोडू शकतो. म्हणून टर्बोसाठी उष्णता लवकर सोडणारा थंड प्लग योजतात.

हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात ते घाटात. सुरतच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सणाला, लग्नसराईला गावी जाण्याचा त्यांचा रस्ता व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी असा जातो आणि पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. भर उन्हाळ्यात माणसांनी व सामानाने भरलेली गाडी, एसी सुरू आणि गिअर वरचा, ही प्लगची सर्वांत कठीण परीक्षा. कमी वेगात मोठा भार ओढताना टर्बो इंजिनात मिश्रण अवेळी पेटण्याचा धोका वाढतो. अशा चढावर गिअर वेळीच खाली घ्यावा. सीएनजीलाही ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज लागते. २०२४पासून टर्बो नेक्सॉन सीएनजीवरही मिळते. अशा गाडीला कंपनीने तिच्यासाठीच सांगितलेला प्लग घ्यावा.

नवा प्लग घेताना गाडीच्या पुस्तिकेतला पूर्ण क्रमांक पाहावा. आट्यांचा व्यास (१४ किंवा १२ मिलिमीटर), आट्यांची लांबी, पान्याचा नंबर, उष्णतेचा आकडा, गॅप आणि टोकाचा धातू या साऱ्या गोष्टी त्या क्रमांकात सामावलेल्या असतात. आट्या लांब असल्या तर प्लग पिस्टनला धडकू शकतो. आखूड असल्या तर ठिणगी आत नीट पोचत नाही. रेझिस्टर असलेल्या प्लगच्या जागी साधा लावला तर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये अडथळा येतो. इंजिन थंड असतानाच प्लग खोलावा, नवा आधी हाताने फिरवावा आणि मग टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळावा. इरिडियमच्या टोकाला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश कधीही लावू नये.

जुन्या मिस्त्रींची एक विद्या मात्र टर्बोच्या काळातही खरी ठरते, ती म्हणजे काढलेला प्लग वाचणे. टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट थर म्हणजे ऑइल आत येत आहे. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक म्हणजे प्लग तापतो आहे आणि तो गाडीसाठी चुकीचा असण्याची शक्यता आहे. ज्या सिलिंडरचा प्लग वेगळा दिसेल, बिघाड तिथे शोधावा. म्हणून गाडीच्या मालकाने नवे प्लग पुस्तिकेतल्या क्रमांकाचेच घ्यावेत आणि जुने फेकण्याआधी मेकॅनिककडून सिलिंडरच्या क्रमाने मांडून पाहून घ्यावेत.