थोरल्या भावाची वाटणी

घर वाटण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. वाटे पाडणाराचा हात सरळ राहावा, म्हणून कुणा शहाण्याने ही युक्ती काढली असावी. तरीसुद्धा हातभर बांधावरून आणि विहिरीच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात, हे खेड्यापाड्यांतल्या मंडळींना मी काय सांगावे? आज सांगायची आहे ती वाटणी निराळी. ती सातशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तिची सुरुवात आपल्या नाशिक जिल्ह्यातच, त्र्यंबकच्या डोंगरात झाली.

कुटुंब आपेगावच्या विठ्ठलपंतांचे. विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार मुले झाली. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीकरांनी त्यांना वाळीत टाकले. हा सगळा भाग शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो, म्हणून मी तो लांबवत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, या मुलांना बापाकडून मानमरातब मिळायचा नव्हता आणि पुढे आईबापही राहिले नाहीत. भावंडांनी एकमेकांना द्यावे असे या घरात होते तरी काय?

परंपरा सांगते की, विठ्ठलपंत मुलांना घेऊन त्र्यंबकला आले आणि ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करू लागले. एके दिवशी वाटेत वाघ आडवा आला. पळापळ झाली, त्यात थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसले होते. त्यांनी या मुलाला नाथपंथाचा उपदेश दिला.

वाघ खरा की कथेतला, याचा दाखला इतिहासाला मिळत नाही. पण गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून आपल्याला काय मिळाले, हे खुद्द ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस नमूद केले आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ अशी परंपरा ते सांगतात, आणि तिच्यातून आलेल्या ठेव्याला त्यांनी शब्द योजला आहे 'समाधिधन'. धन हा शब्द मला फार बोलका वाटतो. इतर घरांत थोरल्याच्या हाती जमिनीचे कागद असतात. इथे थोरल्याच्या हाती हे धन होते, आणि त्याने ते स्वतःपुरते पुरून न ठेवता धाकट्याच्या ओंजळीत घातले. हे देणे कसे झाले? थोरला भाऊ मेघासारखा वर्षला आणि मी तहानलेल्या चातकासारखा पुढे होतो, असा त्या ठिकाणचा भाव आहे.

ज्याने श्रावणातला ब्रह्मगिरी पाहिला आहे त्याला हा मेघ समजावून सांगावा लागत नाही. काळ्या कातळाचे थरावर थर, त्यांच्या भेगांतून मुरणारे पाणी, आणि पाऊस सरल्यावरही कुठे कुठे पाझरणारे झरे. गोदावरी इथेच उगम पावते, आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळते. याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा निघते. ती मात्र पश्चिमेच्या समुद्राकडे वळते. एकच पाऊस, पण दोन्ही अंगांना वाटला जातो. विद्यार्थ्यांना घेऊन मी गंगाद्वाराच्या पायऱ्या चढतो, तेव्हा भूगोलाचा हा धडा आधी सांगतो आणि ज्ञानदेवांकडे मागाहून वळतो.

ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली गेली, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये. तेव्हा ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते की एकोणीस, याबद्दल विद्वानांत दोन मते आहेत. निवृत्तिनाथ दोन-तीन वर्षांनीच मोठे. त्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे वर्णन येते. झाड लावणाऱ्याला आणि त्यावर घाव घालणाऱ्याला सारखीच सावली देते. दिवा घरच्याला उजेड आणि परक्याला अंधार असे करीत नाही. आणि पाणी गाईची तहान भागवते म्हणून वाघाला विष होऊन मारीत नाही. ब्रह्मगिरीवरची आठवण या शेवटच्या दृष्टान्तात उतरली असेल, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण वर्गात हा भाग शिकवताना मला प्रत्येक वेळी तो प्रदक्षिणेतला वाघ आठवतो. ज्याच्यामुळे घरचे मूल हरवले, त्याच्याही तहानेची काळजी या भावंडांच्या मनात आहे!

या घरात देणे थोरल्याकडून धाकट्याकडेच जात होते, असेही नाही. ज्ञानदेव एकदा लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसले, तेव्हा ते उघडायला लावले मुक्ताबाईंनी, म्हणजे सर्वांत धाकट्या बहिणीने. ताटीचे अभंग ते हेच. वडीलधाऱ्यांना धाकट्यांनी समजावू नये असा आपल्याकडचा दंडक. त्या घरात तो चालत नव्हता.

निवृत्तिनाथांचे नाव मात्र मागे पडले. धाकटा भाऊ महाराष्ट्राची माउली झाला आणि थोरला त्याच्या ग्रंथात गुरू म्हणून राहिला. देणाऱ्याला याचे काही वाटले असेल, असे कुठे दिसत नाही. दुःख झाले ते वेगळ्याच कारणाने. शके १२१८ च्या कार्तिकात, म्हणजे १२९६ साली, ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांच्या शोकाला फुटलेल्या तळ्याची उपमा दिलेली आहे. गुरू म्हणून ते निश्चल राहायला हवे होते. भाऊ म्हणून राहू शकले नाहीत. पाठोपाठ सोपानदेव सासवडला गेले, मग मुक्ताबाई तापीकाठी विजेच्या लोळात दिसेनाशा झाल्या. वयाने थोरला असलेला भाऊ सर्वांत मागे उरला, आणि १२९७ साली तो त्र्यंबकला, आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी, परत आला.

त्यांची समाधी तिथेच आहे. पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते. त्या दिवसांत नाशिककडे थंडी कडाक्याची असते. गोदाकाठच्या आणि आसपासच्या गावांतून दिंड्या पायी निघतात, पहाटे कुशावर्तावर स्नानाला गर्दी होते, आणि कितीतरी घरचे भाऊभाऊ एका दिंडीत टाळ घेऊन चालताना दिसतात.