मुळांच्या गांठी

पुण्यांतील परसांत वांगें, टोमॅटो अगर भेंडी यांचें भरास आलेलें रोप भर दुपारीं मान टाकतें, सायंकाळीं सावरतें, आणि असें कांहीं दिवस चालल्यावर एके सकाळीं उठतच नाहीं. गृहस्थ उन्हाला बोल लावतो व दोन तांबे पाणी अधिक घालतो. रोप उपटून मूळ पाहण्यास मात्र मन धजत नाहीं.

हें पाहण्याचें काम इंग्लंडांत झालें. १८५५ सालीं बर्क्ली नांवाच्या पाद्र्यानें काचघरांतील काकडीचीं मुळें तपासलीं, तों त्यांवरील गांठींत सूक्ष्म कृमि आढळले. १८८७ मध्यें गेल्डी यांस ब्राझिलांतील कॉफीच्या, आणि १९०१ मध्यें बार्बर यांस दक्षिण हिंदुस्थानांतील चहाच्या मुळांत त्याच कुळींतले सूत्रकृमि दिसले.

येथें सावधगिरी हवी. गवार, चवळी यांच्या मुळांवरही गांठी असतात; परंतु त्या नखानें सहज सुटतात व आंतून गुलाबी दिसतात. त्या नत्र पुरविणाऱ्या उपकारी जंतूंच्या होत. कृमीची गांठ म्हणजे मुळाचें अंगच सुजलेलें. ती सुटत नाहीं. हा भेद न कळल्यास चोर सोडून संन्याशास फांशी व्हावयाची.

मुळें कुरतडलेलीं असून रोप हातीं धरतांच उपटून आलें, तर तेथें चंद्रकोरीसारखी वांकलेली, पांढरी, तांबूस डोक्याची हुमणी शोधावी. तिच्यासाठीं बी. एच. सी. ची भुकटी मातींत मिसळीत. तें विष वर्षानुवर्षें टिकून अन्नांत उतरतें. १९९७ मध्यें देशांत त्यावर बंदी आली. घरची भाजी म्हणून निर्धास्तपणें मुलांना वाढणारांनीं हें ध्यानीं घ्यावें.

कृमींवर उपाय दसऱ्याच्या फुलाचा निघाला. १९५८ मध्यें हॉलंडांतील संशोधकांनीं झेंडूच्या मुळांतून कृमिनाशक द्रव्य वेगळें केलें. मात्र वाफ्याच्या कडेस चार रोपें लावून भागत नाहीं. सबंध वाफ्यांत दोन-तीन महिने दाट झेंडू राहावा, मग तेथें वांगीं लावावीं.

हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेस मातींतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर पाला खाण्यास बसतात. फांदी हलवून खालीं पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे. मादी मातींत अंडीं घालते, म्हणून हें काम त्याच आठवड्यांत व्हावें, आणि तें सबंध आळीनें करावें. शेजारच्या कडुनिंबावरचे भुंगेरे मधली भिंत मानीत नाहींत.